किल्ल्याचा पहारेकरी

दिवाळी जवळ आली, की साताऱ्यास राजवाड्यापाशी मुलांच्या किल्ल्यांसाठी मातीची चित्रे विकायला येतात. चिरंजीव चार वर्षांचे होते तेव्हा त्यांना नुसता वाघ हवा असे. आठव्या वर्षी तोफ आणि मावळे. अकराव्या वर्षी त्यांनी मलाच हटकले, "बाबा, महाराजांनी अजिंक्यतारा घेतला १६७३ साली. तिथं मोटार कशी चालेल?" मोटार परत केली.

यंदा पंधरावे लागले. "मला काही आणू नका," म्हणाले. तरी मी एक पहारेकरी आणलाच. दुसऱ्या दिवशी पाहतो तो, पहारेकरी शेजारच्या पोराच्या किल्ल्यावर, अगदी दरवाजाशी उभा! क्षणभर वाईट वाटले. मग ध्यानात आले, यंदाचे चित्र मी माझ्यासाठीच घेतले होते. ते कुणाला हवे, हे चिरंजीवांना बरोबर कळले.