मीटर बरोबरच होता

विभवांतराची व्याख्या माझ्या वर्गातली पोरं झोपेतून उठवलं तरी सांगायची. एक कूलोम प्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेताना एक ज्यूल कार्य घडत असेल, तर त्या दोन बिंदूंमधलं विभवांतर एक व्होल्ट. गणितंही पटापट सुटायची. गुण पडत होते, म्हणून आपलं शिकवणं झकास चाललंय असं मी धरून चाललो होतो.

माझी पहिली चूक बोलण्यातली. ‘या बल्बमधून तीन व्होल्ट जातात’ असं मी सर्रास म्हणायचो. बल्बमधून जाते ती धारा, आणि ती अँपिअरमध्ये मोजतात. व्होल्ट कुठेच जात नाहीत. ते दोन बिंदूंमधला फरक सांगतात. म्हणूनच अ‍ॅमीटर एकसर जोडायचा आणि व्होल्टमीटर समांतर. एका गटाने माझं बोलणं प्रमाण मानून व्होल्टमीटर एकसर जोडला. त्याचा रोध भरपूर, त्यामुळे बल्ब लागलाच नाही. मी त्यांच्यावर खेकसलो. खरं तर त्यांनी माझं वाक्यच तारांनी जोडून दाखवलं होतं.

दुसरी चूक पाण्याच्या टाकीची. टाकी उंचावर, नळ खाली, पातळीत फरक आहे म्हणून पाणी वाहतं, हा दाखला कामाचा आहे. पण तो कुठवर चालतो हे मी कधी सांगितलं नाही. ‘सर, सॉकेटमध्ये काहीच लावलेलं नसताना वीज सांडत का नाही?’ असं एका मुलीने विचारलं. वर्ग हसला, मीही हसलो. प्रश्न मात्र अगदी रास्त होता. नळी तुटली की पाणी धो धो वाहतं. तार तुटली की धारा थांबते. विभवांतर तिथेच राहतं.

हे शेवटचं वाक्य मलाही नीट उमगलेलं नव्हतं. दीड व्होल्टचे दोन सेल आणि दोन सारखे बल्ब एकसर जोडले होते. प्रत्येक बल्बवर मीटर साधारण दीड व्होल्ट दाखवत होता. एकाने गंमत म्हणून एक बल्ब फिरवून काढला. दोन्ही बंद. मी विचारलं, ‘आता रिकाम्या होल्डरवर किती?’ सगळे म्हणाले, शून्य. विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. धारा नाही, मग उरलं काय? मीही मान डोलावली. मीटर लावला तर काटा तीनवर! ‘मीटर बिघडलाय, दुसरा आण,’ मी म्हणालो. दुसराही तीनच दाखवू लागला आणि शाबूत बल्बवर शून्य.

घरी येऊन आकृती काढली तेव्हा उलगडा झाला. शाबूत बल्बमधून धारा वाहत नाही, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांचं विभव सारखंच. रिकाम्या होल्डरचं एक टोक सेलच्या धन अग्राशी जोडलेलं, दुसरं त्या बल्बमार्फत ऋण अग्राशी. म्हणजे सेलचं सगळं विभवांतर त्या फटीवरच आलं. फटीचा रोध प्रचंड असतो, तेव्हा धारा शून्य म्हणून विभवांतरही शून्य, हे गणित तिथे लागू पडत नाही.

ही चूक परीक्षेपुरती राहत नाही. दिवाळीच्या जुन्या माळेत बारके बल्ब एकसर असतात. एक उडाला की सगळी माळ बंद पडते. प्लग तसाच ठेवून उडालेला बल्ब काढला, तर त्या होल्डरच्या दोन टोकांमध्ये घरातले पूर्ण २३० व्होल्ट असतात. उजेड नाही म्हणजे वीज नाही, असं समजून बोट घालणारा मुलगा माझ्याच वर्गातून बाहेर पडला असता.

विज्ञान शिकवणाऱ्यांना एवढंच सांगेन: ओहमच्या नियमाची गणितं घालण्याआधी मुलांना साध्या सेलच्या परिपथात उघड्या कळेवर व्होल्टमीटर लावायला द्या आणि आकडा आधी त्यांना ओळखू द्या. आणि माळ दुरुस्त करायला बसाल तेव्हा नुसतं बटण बंद करून भागवू नका, प्लग काढा.