चार आण्यांची वाट

जुन्नर तालुक्यातल्या कुठल्याही गावाचा जुना नकाशा उघडा. शेतांच्या हद्दींमधून तुटक रेषा गेलेल्या दिसतील. दुहेरी तुटक रेघ ही गाडीवाट, एकेरी ही पायवाट. महसुली रिवाजाने पायवाटेची रुंदी ८¼ फूट. आकडा विचित्र वाटतो खरा, पण मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे १६, हे ध्यानात घेतले की हिशेब जुळतो. पायवाट चार आण्यांची. गाडीवाट आठ आण्यांपासून पुढे, १६½ ते २१ फूट.

मी ग्रामीण रस्त्यांची आखणी करतो. अलीकडे सायकलवाले आणि पर्यटनवाले एक प्रश्न हमखास विचारतात: नाणेघाटापासून निघोजच्या रांजणखळग्यांपर्यंत कुकडीच्या काठाकाठाने पायी आणि सायकलीने जाण्याजोगा सलग मार्ग करता येईल का? जुन्नर हा शासनाने २०१८ साली जाहीर केलेला पर्यटन तालुका, तेव्हा प्रश्न वावगा नाही. माझे उत्तर असे की, वाट बरीचशी आहेच, फक्त ती कुणाच्या तरी उसाखाली गेली आहे.

नदीचा क्रमच पाहा. कुकडेश्वराच्या परिसरात उगम, शिवनेरीच्या पायथ्याचे जुन्नर, मग येडगाव धरण आणि त्याच्या फुगवट्याकाठचे ओझर, त्याखाली बोरी बुद्रुक, आणि पुढे पारनेरच्या हद्दीत निघोज. पश्चिमेच्या टोकाला नाणेघाट म्हणजे तर सातवाहनांच्या काळी वापरात असलेली व्यापारी वाट. नागनिकेचा लेख आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून तिथे आहेत. माणसे, बैल आणि माल यांनी एकच रस्ता वापरायचा, ही कल्पना या मुलखाला कुणी परदेशातून आणून द्यायला नको.

बोरी बुद्रुकचा टप्पा मात्र साऱ्या मार्गात अवघड आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. इथे कुकडीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. फिकट, बोटांत चोळली तर पिठासारखी मऊ राख, खाली-वर वाळू आणि गोटे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात या थरावर काम सुरू केले आणि बोरीचे नाव जगभरच्या शोधनिबंधांत गेले. याच परिसरात अश्मयुगीन माणसाच्या हातकुऱ्हाडी सापडल्या. राखेच्या वयावरून मोठा वाद झाला. काहींच्या मोजणीत ती लाखो वर्षांची निघाली, तर काचकणांच्या रासायनिक घडणीवरून इतरांनी ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची ठरवली. वाद संशोधकांनी मिटवावा. रस्तेवाल्याला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की ज्या काठावर हा थर उघडा पडला आहे तिथे जेसीबी न्यायचा नाही.

हे सांगणे सोपे आणि पाळणे कठीण. आपल्याकडे रस्ता म्हटला की पहिल्या दिवशी यंत्र येते, काठ तासते, निघालेली माती बाजूला लोटते. बोरीत तसे झाले तर एका दुपारीत पुरावा ओढ्यात जाईल. शिवाय इथला काठ मुळातच घळींनी चिरलेला. त्यावर वाट नेली, तिच्या कडेने पावसाचे पाणी धावले, की दोन पावसाळ्यांत नवी घळ तयार. म्हणून मी वाट काठापासून मागे, शेतांच्या बांधाने नेईन, आणि राखेच्या थरापाशी एकच पायउतार ठेवीन: दगडी पायऱ्यांचा, सायकल वर लावून उतरायचा. वर मराठीत नीट लिहिलेला एक फलक. सेल्फीचा सज्जा नको.

आता पृष्ठभागाचे. लोक आधी डांबर की काँक्रीट हे विचारतात. मी आधी पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते विचारतो. नदीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतले तर पाट्या उचलतात, कडा तुटतात, आणि त्या तुटक्या कडेवर सायकलचे पुढचे चाक अडकते. खाली दगडाचे सोलिंग, वर पाणी मारून रोलरने दाबलेला मुरूम, मध्ये उंचवटा, दोन्ही बाजूंना चारी, आणि ओहोळ आडवा येईल तिथे मोरी. चार आण्यांच्या वाटेला एवढे पुरते. मोकळी खडी मात्र टाकू नये. तीवर पायी चालणाराही वैतागतो, सायकलवाला तर सरळ घसरतो.

आणि काटे. पाणंदीची बाभूळ छाटली की फांद्या तिथेच पडतात, आणि दिवाळीच्या सुमाराला सराटे वाळून तयार असतात. सराट्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर राहते. वाटेच्या देखभालीत दरवर्षी रोलरपेक्षा खराटा जास्त लागतो, हे कुठल्याही अंदाजपत्रकात मी पाहिलेले नाही.

खरी लढाई हक्काची असते. पाणंद नकाशावर २१ फूट, जागेवर सहा फूट, आणि उरलेल्यात ऊस. दोन्हीकडचे शेतकरी एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि दोघांचेही थोडे थोडे खरे असते. कायदा दुबळा नाही. असलेली वाट अडवली तर १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचे कलम ५ आहे. बांधावरून नवी वाट हवी तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. २०२५ साली महसूल विभागाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी, असेही ठरवले. पण तहसीलदाराच्या आदेशाने उघडलेली वाट पुढच्या लागवडीला पुन्हा बुजते, जर ती गावाला रोज लागत नसेल तर.

म्हणून पर्यटकांसाठी मार्ग, ही भाषाच मला पटत नाही. शनिवार-रविवारी पुण्याहून येणारे हेल्मेटवाले वाट जिवंत ठेवू शकत नाहीत. पहाटे दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल, मग शाळेच्या मुलींच्या सायकली, खुरपणीला निघालेल्या बाया, हंगामात उसाची ट्रॉली, मेंढरांचा कळप. हे सगळे ज्या वाटेवर मावतात तीच टिकते. ट्रॉलीसाठी ठरावीक अंतरावर बाजूला घ्यायची जागा आणि पायी माणसाला पहिला मान, एवढे दोन नियम गावसभेत ठरले की पुरे.

बिबट्याचा विषय टाळून जुन्नरमध्ये कोणतीही वाट आखता येत नाही. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, आणि तालुकाभर ऊस आहे. ऊस वाटेला भिडलेला नको, दोन्ही कडांना मोकळी पट्टी हवी. अंधार पडल्यावर वाट वापरू नये, हे स्पष्ट लिहावे. दिव्यांचे खांब लावून रात्रीची वर्दळ वाढवण्याच्या मी विरोधात आहे. खोडदच्या बाजूला तर ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आकाश ऐकत असते. विजेच्या उपकरणांचा गोंगाट तिला चालत नाही, तेव्हा तिथे खांब रोवण्याआधी शास्त्रज्ञांना विचारलेले बरे.

येडगावहून निघणाऱ्या कालव्याचा सेवारस्ता अनेकांना आयता मार्ग वाटतो. चढ जवळजवळ नाही, हे खरे. पण तो पाटबंधारे खात्याचा, सार्वजनिक हक्काचा नव्हे, आणि अस्तर केलेल्या कालव्यात घसरलेला माणूस स्वतःहून वर येऊ शकत नाही. परवानगी, कठडा आणि जागोजागी उतरत्या पायऱ्या एवढे झाल्याशिवाय मी तिकडे कुणाला पाठवणार नाही.

मुंबईकडून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. तानसा जलवाहिनीलगत महापालिकेने ३९ किलोमीटरच्या सायकल मार्गाची योजना आखली, ती जागा आधीच सार्वजनिक होती म्हणून. उलट पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि केलेले काम काढून जागा पूर्ववत करायला सांगितली. पाण्याच्या हद्दीत भराव टाकणाऱ्यांनी तो निकाल वाचावा. आणि पालखी मार्ग रुंद करताना जुनी झाडे गेली, ते तर वारकरी आपल्याला पायांनी सांगतात. वारीत अंतर विसाव्यांनी मोजतात. कुकडीकाठीही दर विसाव्याला सावली आणि पिण्याचे पाणी नसेल तर चैत्रानंतर वाट ओस पडेल. वड, पिंपळ, चिंच आधी लावा. मुरूम दोन वर्षांनी टाकला तरी चालेल.

तालुक्यातल्या वाचकांना एक विनंती. भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावच्या नकाशाची नक्कल काढा, आणि ऊस तुटल्यावर, शेत मोकळे असताना, त्यावरची एक तरी तुटक रेघ शेजाऱ्याला बरोबर घेऊन चालून या. जिथे अडाल तिथला गट नंबर लिहून ठेवा. ग्रामसभेत अर्ज देताना तोच लागतो.