भिंतीपलीकडचं गाणं

गाणं कसं ऐकावं, हे कोल्हापूरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. ज्या गावात अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, त्या गावात प्रत्येकाच्या आजोबांनी खाँसाहेबांना समोर बसून ऐकलेलं असतं. माझ्याही आजोबांनी ऐकलं होतं. हिशेब केला तर त्या वेळी त्यांचं वय चार वर्षांचं भरतं. पण असले हिशेब घरात कुणी करत नाही. देवल क्लबात बसायचीही एक रीत आहे. मांडी घालायची, डोळे अर्धे मिटायचे, समेवर मान हलवायची आणि गवई फारच रंगला तर 'क्या बात है' म्हणायचं, तेसुद्धा शेजारच्याला ऐकू जाईल इतपतच. उभं राहून अंग हलवायला आमच्याकडे गणपतीची मिरवणूक आहे.

साहेबाला ही रीत ठाऊक नसते. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी मोठा जलसा झाला. पंडित रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी सुरुवातीला नुसती वाद्यं जुळवली, तर हजारो लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला! जुळवणं एवढं आवडलं तर वाजवणं आणखी आवडेल, अशी आशा मग पंडितजींनी व्यक्त केली. हा किस्सा मी स्टाफरूममध्ये निदान पन्नास वेळा सांगितला असेल. त्यातल्या साहेबाच्या जागी एक दिवस आपल्यालाच उभं राहावं लागेल, अशी शंका मला तेव्हा आली नव्हती.

याचं मूळ आमच्या चिरंजीवांत आहे. ते आठवीत असताना कुणीतरी त्यांना 'पिंक फ्लॉइड' नावाच्या इंग्रज मंडळींची कॅसेट दिली. त्यांची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये चार इंची भिंत. तिच्यातून रोज संध्याकाळी, मी वह्या तपासायला बसलो की, घड्याळांचे गजर, नाण्यांचा खळखळाट, कुणाचं तरी वेड्यासारखं हसणं आणि काळजाचे ठोके ऐकू येत. पहिल्या दिवशी मंडळी घाबऱ्या घाबऱ्या म्हणाल्या, "अहो, आत बघता का जरा? कुणीतरी कण्हतंय." शेजारचे आबा दारातूनच ओरडले, "काय मास्तर, टेप अडकलीया जणू!" मी भिंतीवर ठोकलं की आवाज कमी व्हायचा, आणि पाचेक मिनिटांत हळूहळू पूर्वपदावर यायचा. हे दहा वर्षं चाललं.

पुढे भिंतीवर चित्र आलं. काळ्या कागदावर एक लोलक, एका बाजूनं पांढरा किरण आत शिरतोय, दुसऱ्या बाजूनं रंग बाहेर पडताहेत. मी मास्तर. रंग मोजले, तर सहाच भरले! 'तानापिहिनिपाजा'तला 'पा'च गायब. "पारवा कुठंय?" असं विचारल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे सायकेडेलिक रॉक आहे." हे उत्तर आहे असं त्यांना वाटत होतं. मी कोश काढला. मूळ ग्रीक. मनातलं उघड करून दाखवणारं, असा अर्थ निघाला. १९५६ मध्ये एका मानसोपचारतज्ज्ञानं हा शब्द बनवला, तो एका जातीच्या औषधांसाठी. नंतर तो गाण्यांना चिकटला. मनातलं उघड करायला आमच्या पेठेत औषध लागत नाही. कट्ट्यावर दहा मिनिटं बसलं की पुरतं.

यथावकाश चिरंजीव इंजिनियर होऊन मुंबईला नोकरीला लागले. घर शांत झालं. वह्या भराभर तपासून होऊ लागल्या. आणि एका रात्री फोन आला.

"बाबा, अठरा फेब्रुवारीला रॉजर वॉटर्स येतोय. पगारातनं दोन तिकिटं काढलीत."

"बरं. दुसरं कुणाचं?"

"तुमचं."

"अरे, मित्र नाहीत का तुला?"

"आहेत की. पण दहा वर्षं भिंत तुम्हीच ठोकलीत."

पोराच्या पगारातलं तिकीट नको म्हणायला जी छाती लागते, ती माझ्यापाशी नाही. २००७ सालचा तो रविवार. सोमवारची किरकोळ रजा टाकली, कारण लिहिलं 'घरगुती'. मंडळींनी दशम्या, भडंगाची मोठी पिशवी आणि कानात घालायला कापूस दिला. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मी मुंबईला उतरलो. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानाच्या दारात भडंग जप्त झालं. कापूस मात्र आत जाऊ दिला.

मैदान पाहून मला शाहू महाराजांची आठवण झाली. महाराजांनी खासबागेत कुस्तीचा आखाडा मध्यभागी खोल ठेवून भोवती चढती बैठक केली. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पाठ टेकली की नाही ते दिसतं. इथं मैदान अगदी सपाट. मला दिसत होता तो एका उंच गृहस्थाच्या सदऱ्याचा पाठीमागचा भाग. त्यावरही तोच लोलक. मोजले, इथंही सहाच.

पण माणसं पाहण्यासारखी होती. मला वाटलं होतं, सगळी पोरंसोरं असणार. तर निम्मे लोक माझ्याच वयाचे! टकलं, ढेऱ्या, गळ्यात चष्म्याची दोरी. काहींनी कॉलेजातले शर्ट चढवले होते आणि ते पोटावर कोंडीत सापडले होते. रंगमंचावरचे बुवाही त्रेसष्टचे. म्हणजे आमच्या शाळेच्या हिशेबानं निवृत्त होऊन पाच वर्षं झालेले. मूळ कंपनी १९६५ची. १९८५ मध्ये वॉटर्स तिच्यातून बाहेर पडला आणि नावावरून भांडणं झाली. यात मला नवल वाटलं नाही. १९१३ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर कंपनीतून बाहेर पडले, त्याची चर्चा आमच्याकडे अजून संपलेली नाही. मूळ नट एक आणि बाकी संच नवा, असे प्रयोग मी लहानपणापासून पाहिलेत. त्यात लोक नट बघायला जात नाहीत. पहिल्यांदा नाटक पाहिलं तेव्हाचे आपण सापडतो का, ते बघायला जातात.

पूर्वार्धात एक लांबलचक गाणं लागलं. आधी नुसती सुरावट, संथ, एकेक स्वर लांबवत. चिरंजीव कानाशी येऊन सांगू लागले. हे गाणं सिड बॅरेटवरचं. सुरुवातीच्या दिवसांत गाणी लिहिणारा, गाणारा, सगळा डोलारा त्याच्यावर. मग औषधं, मग डोक्यावर परिणाम. १९६८ मध्ये त्याला वगळून कंपनी पुढं गेली. १९७५ मध्ये त्याच्यावरच्या याच गाण्याचं काम स्टुडिओत चाललेलं असताना एक जाडा, भुवयासुद्धा भादरलेला माणूस आत येऊन बसला. बराच वेळ कुणी ओळखलं नाही. तो सिड होता. पुढे तो केंब्रिजला बागकाम करत राहिला आणि २००६च्या जुलैत गेला.

मी काही बोललो नाही. तीस वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाला प्रत्येक वर्गातलं असं एक नाव आठवतं. पहिल्या बाकावरचं, सगळ्यांत हुशार, आणि मधेच हजेरीपटावर लाल रेघ. पण त्या पोरांवर कुणी गाणं केलेलं नाही.

उत्तरार्धात १९७३ची ती तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत सुरू झाली. आणि इथं एक चमत्कार घडला. मला पुढचं सगळं येत होतं! घड्याळांचे गजर होण्याआधी मी कान झाकले. शेजारच्यांनी नंतर झाकले. दहा वर्षं भिंतीतून झिरपलेलं कुठं जातं? नाण्यांचा खळखळाट झाला आणि सवयीनं बोटं मोजू लागली. तीन, दोन, दोन. सात! पुन्हा मोजलं. सातच. रूपकाच्या मात्रा! भिंतीतून फक्त खळखळाट यायचा, मात्रा विटांत अडकायच्या. गिटारवाला मधेच सात सोडून चारात गेला, तिथं हवा तेवढा हुंदडला आणि बिनचूक सातात परतला. शेजारच्या दाढीवाल्यानं माझी बोटं पाहिली. "काका, म्युझिशियन आहात?"

"नाही. हायस्कूलला इंग्रजी शिकवतो."

त्या नाण्यांच्या आधी त्यांच्यातली एक बाई पुढं येऊन गायली होती. गाण्याला शब्दच नाहीत. नुसती आलापी, पण आर्त, तारसप्तकात चढणारी, फुटेल असं वाटताना सावरणारी. मूळ तबकडीत हे क्लेअर टॉरी नावाच्या बाईनं गायलं होतं. त्या बैठकीचे तिला तीस पौंड मिळाले. २००४ मध्ये ती कोर्टात गेली, तेव्हा कुठं पुढच्या वर्षी तडजोड होऊन रचनेत तिचं नाव लागलं. ही कण्हणारी बाई आमच्या घरात दहा वर्षं राहून गेली होती. ती वर चढली आणि खाली उतरून अलगद थांबली, तेव्हा माझ्या तोंडून 'क्या बात है' निघालं. ते देवल क्लबाच्या मापाचं नव्हतं. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहू लागले. खिशातला कापूस खिशातच होता.

एवढं सगळं झाल्यावर शेवटी मास्तरांचा उद्धार झाला. १९७९चं ते भिंतीचं गाणं. लंडनमधल्या एका शाळेच्या मुलांकडून ते म्हणून घेतलेलं आहे, म्हणजे तिथंही काम पोरांकडूनच करून घेतलं. भोवतीचे हजारो लोक हात उंचावून ओरडू लागले की आम्हांला शिक्षण नको. त्यात माझा मुलगाही होता, ज्याच्या शिक्षणासाठी मी सोसायटीचं कर्ज फेडत होतो. पण त्या ओळीत व्याकरणानं दोन नकार येतात, आणि दोन नकार मिळून होकार होतो, हे मी आठवीला तीस वर्षं शिकवतोय. तेव्हा इतकी माणसं एकमुखानं शिक्षणाची मागणी करताहेत, हे पाहून माझा ऊर भरून आला आणि मीही हात वर केला. मंगळवारी आठवी 'ब'ला दुहेरी नकार शिकवताना एक नवं उदाहरण दिलं. मुख्याध्यापकांपर्यंत ते पोहोचलं नाही.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. चिरंजीव अमेरिकेत आहेत. त्यांच्या खोलीत गाद्या ठेवतो. लोलकाचं चित्र तसंच आहे, पारवा रंग अजून आलेला नाही. २०२३च्या ऑक्टोबरात वॉटर्सनं, वयाची ऐंशी पुरी झाल्यावर, तीच तबकडी पुन्हा एकट्याच्या नावावर काढली. चिरंजीवांनी ती फोनवर पाठवली. मी त्या खोलीत गाद्यांना टेकून ऐकली. ती गिटार नाही. म्हातारा बराचसा बोलतोच, खालच्या पट्टीत, जुनं काहीतरी आठवल्यासारखा. मला ते ओळखीचं वाटलं. गळा उतरलेल्या बुजुर्गांना आमच्या गावानं असंच ऐकलंय. तो जागा दाखवतो, स्वर श्रोत्यानं आपल्या मनात लावून घ्यायचा. मी लावून घेत होतो.

तेवढ्यात मंडळी पलीकडच्या खोलीतून लगबगीनं आल्या. दारात थबकल्या.

"तुम्ही होय," ती म्हणाली. "मला वाटलं..."

काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही. गाद्यांवर जागा करून शेजारी बसली. मी आवाज जरा वाढवला.