थव्यातलं अंतर

फेब्रुवारी २०१७, पीएसएलव्ही-सी३७, एका उड्डाणात १०४ उपग्रह. बातमी तिथेच संपली. त्यातले ८८ ‘डव्ह’ जेमतेम ३० सेंटिमीटर लांबीचे, इंजिनच नसलेले. मग ते कक्षेत हव्या त्या अंतरांवर पसरले कसे? सौरपंख आडवे धरले की विरळ हवेचा अडथळा वाढतो, कडेने धरले की घटतो. एवढ्यावरच! आणि अडथळा वाढलेला उपग्रह मागे पडत नाही. खाली उतरतो, वेग घेतो, पुढे निघून जातो. ब्रेक दाबावा आणि गाडी पळत सुटावी, तसं.

•

दोन कक्षांच्या सरासरी उंचीत एक मीटरचा फरक असला, तर दर प्रदक्षिणेला साडेनऊ मीटर दुरावा. दिवसाला पंधराएक प्रदक्षिणा. म्हणजे महिन्यात चार किलोमीटर.

टोरांटोचे कॅनएक्स-४ आणि ५ हे उपग्रह (उड्डाण श्रीहरिकोटाहून, ३० जून २०१४) असेच हजारो किलोमीटर पांगले होते. आधी त्यांना एकत्र आणायचं, मग जोडीने उडण्याचा प्रयोग.

•

शेजारी कुठे आहे? नासाच्या ‘स्टारलिंग’मधले चार उपग्रह (जुलै २०२३) ताऱ्यांवरून दिशा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यानेच शेजाऱ्यालाही शोधतात. ताऱ्यांमध्ये सरकणारा ठिपका, तो सोबती. पण ठिपक्यावरून दिशा कळते, अंतर नाही. ते कक्षेच्या गणितातून, तासन्‌तास निरीक्षणं जमवून काढावं लागतं.

•

या विषयातली मला सर्वांत आवडणारी युक्ती. मागचं-पुढचं अंतर सांभाळणं सर्वांत अवघड, तेव्हा त्यावर विसंबायचंच नाही. वर-खालचं अंतर शून्यावर येईल तेव्हा डावं-उजवं भरपूर असेल, अशा कक्षा निवडायच्या. मग इंजिन अडलं तरी लगेच टक्कर नाही. टेरासार-एक्स आणि टॅनडेम-एक्स हे दोन उपग्रह २०१० पासून याच हिशेबाने जोडीने फिरताहेत.

•

एक गेला तरी बाकीचे काम चालवतील, हा उपग्रहांच्या थव्याच्या बाजूचा हमखास युक्तिवाद. नासाच्या ‘ईडीएसएन’चे आठही उपग्रह एकाच रॉकेटवर होते. नोव्हेंबर २०१५मध्ये हवाईहून ते उडालं आणि कोसळलं.

•

चार उपग्रहांना जमिनीवरून आज्ञा देता येतील. शंभरांना कोण देणार? ‘स्टारलिंग’ने वातावरणाच्या आयनांबर या थरातल्या इलेक्ट्रॉनांची घनता मोजताना कुठे लक्ष द्यायचं, हे आपसात बोलून ठरवलं. असा निर्णय चुकला, तर तो चारांपैकी कोणाचा म्हणायचा, हे तपासणाऱ्या अभियंत्याची मला खरी दया येते.