उंबरठ्याच्या आत

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी तिळी घरात आली. गल्लीच्या टोकाला बांधकाम चालू होतं, तिथल्या वाळूच्या ढिगाआड ती एकटीच कुडकुडत होती. पावसाळा सरता सरता गल्लीतल्या कुत्र्या माजावर येतात आणि दोन महिन्यांनी, ऐन थंडीत, वितात. साताऱ्याच्या बोळाबोळांत तेव्हा चार-चार, पाच-पाच पिल्लं लुडबुडताना दिसतात. शिमग्यापर्यंत त्यांतली किती उरतात, ते मोजायचा धीर मला कधी झाला नाही. हिची आई गाडीखाली गेली होती. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडून दुधाचे दात पाहिले आणि म्हणाल्या, "आठ आठवड्यांची असेल."

त्या रात्री ती सरपटत अप्पांच्या पलंगापाशी गेली आणि अप्पांच्या तोंडून सवयीनं निघालं, "हाड!" ती जागच्या जागी जमिनीला चिकटली. खाली ओलं झालं.

अप्पा, माझे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. कोरेगावकडच्या आमच्या घरी कुत्रं असायचंच. रोजची शेवटची भाकरी त्याची, पण जागा उंबरठ्याबाहेर. आत पाऊल पडलं की हाड. त्यात राग नव्हता, ती घराची रीत होती. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट मला अप्पांनीच सांगितली होती. सोप्यात दत्ताची तसबीर होती, तिच्यात चार कुत्री होती. गोष्ट, तसबीर आणि हाड, तिन्ही एकाच घरात सुखानं नांदत होती.

त्या रात्री मात्र मला झोप लागेना. कुत्र्याशी बोलायला आपल्याकडे शब्द किती थोडे आहेत! बोलवायला यू यू, अंगावर घालायला छू, हाकलायला हाड. यांतला तिसराच सगळ्यात जास्त कानावर पडतो. वाळूच्या ढिगाआडच्या पिल्लाला कळलेला माणसाचा पहिला शब्दही बहुधा तोच असणार.

डॉक्टरीणबाईंनी एक अडचण नीट समजावली होती. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन सताड उघडं असतं. या दिवसांत जे ओळखीचं झालं, ते पुढं जन्मभर आपलं वाटतं. जे दिसलंच नाही, त्याची भीती बसते. अमेरिकेत १९६१ साली याचा प्रयोग झाला होता. कुंपणाच्या आत, माणसाच्या सहवासाशिवाय चौदा आठवडे वाढलेली पिल्लं पुढं माणसाजवळ यायलाच तयार नव्हती. पण लसींचे डोस पूर्ण व्हायला सोळा आठवडे लागतात. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण हळूहळू ओसरतं आणि ते शिल्लक असेपर्यंत लसही नीट लागू पडत नाही, म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा टोचायचं. मधल्या काळात पार्व्होचा विषाणू रस्त्यावरच्या मातीत टपलेला. म्हणजे जग दाखवायचं, पण जमिनीवर पाय टेकू द्यायचा नाही.

वाट अप्पांनी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली जुनी शाल खांद्यावरून घेऊन झोळी केली, तिळीला आत घातलं आणि म्हणाले, "चल गं, हिला गाव दाखवून आणू." पोवई नाक्यावरची वाहनं, एसटी स्टँडवरचा भोंगा, मंदिरातली घंटा, भाजीवालीचा आवाज, टोपीवाले, हेल्मेटवाले, काठी टेकत चालणारे, शाळेतून सुटलेली पोरं. शालीतून दोन डोळे आणि एक काळं नाक एवढंच बाहेर. एखाद्या आवाजानं ती दचकली की अप्पा तिथंच थांबायचे, पुढं जायचे नाहीत, पण माघारीही फिरायचे नाहीत. बंडीच्या खिशातून एक फुटाणा काढून चुरून द्यायचे. तिनं तो खाल्ला की मगच पुढचं पाऊल. ज्यांनी हाड म्हटलं त्यांच्याच हातांनी हे चाललं होतं, आणि मी मागून पिशवी घेऊन चालताना ते बघत होते.

चूक माझ्याकडून झाली. दुपारी शाळेत शिकवून आले तर दिवाणखान्यात ओलं आणि चपलेचा पट्टा कुरतडलेला. मी तिला तिथं ओढत नेलं आणि ओरडले. तिनं कान पाडले, मान वळवली, शेपूट पोटाखाली घेतली. मला वाटलं, समजलं हिला. पुढं वाचनात आलं की अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली नेमका हाच चेहरा तपासला होता. कुत्र्यानं गुन्हा केला होता की नव्हता याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध नव्हता. मालक रागावला की तो उमटायचा. म्हणजे मी ज्याला पश्चात्ताप समजले, ती तिला वाटलेली माझी भीती होती. तीन तासांपूर्वीचं ओलं आणि आत्ताचं माझं ओरडणं यांचा सांधा तिच्या मनात जुळणारच नव्हता. तिला एवढंच कळलं, की बाहेरून येणारी ही बाई कधीकधी भयंकर असते.

अप्पांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "नवा खोंड औताला लावताना असंच," ते म्हणाले. "मारलं की तो काम विसरतो आणि मार लक्षात ठेवतो. म्हणून त्याला जाणत्या बैलाशेजारी जुंपायचं. हिच्याशेजारी कोण आहे?"

कुणीच नव्हतं. दात किती रुतले की दुसऱ्याला दुखतं, हे पिल्लं भावंडांशी मस्ती करताना शिकतात. समोरचं किंचाळून खेळ थांबवतं, चावणारं पुढच्या वेळी जपून चावतं. तिळीचं ते शिक्षण अर्धवट राहिलं होतं आणि माझ्या मनगटांवर त्याच्या खुणा होत्या. मग तिच्या भावंडांचं काम आम्ही केलं. दात लागला की हात काढून घ्यायचा, उठून जायचं, क्षणभरानं परत यायचं. दिवसातून पन्नास वेळा.

पण सगळ्यात अवघड ठरलं ते वेगळंच. तिनं काही बिघडवलं की सारं घर धावत यायचं. ती खिडकीच्या उन्हात शांत पडलेली असली की कुणी वळूनही बघत नसे. मुलांशी, विद्यार्थ्यांशी मी वर्षानुवर्षं असंच वागत आले आहे: वहीतली चूक लाल शाईनं, बरोबर उत्तराला नुसतं पान उलटणं. आता ती गप्प बसलेली दिसली की हातातलं काम ठेवून जायचं आणि हळूच म्हणायचं, "शहाणी गं." ते त्याच क्षणी म्हणावं लागतं. ती उठल्यावर म्हटलं तर उठण्याचं कौतुक होतं.

पाडव्याच्या आसपास सतरंजीवर तांदळाएवढं काहीतरी पांढरं सापडलं. तिळीचा दुधाचा दात. माझा दात पडला तेव्हा अप्पांनी तो शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकला होता. आता कौलं नाहीत. त्यांनी तो तळहातावर घेऊन उजेडात पाहिला आणि तुळशीच्या कुंडीत बोटानं खोल दाबला.

तिळी लगेच नाक खुपसून माती उकरायला लागली.

"बस," अप्पा म्हणाले.

नाकाला माती लागलेली, तशीच ती बसली. अप्पांचा उजवा हात मातीनं भरला होता, म्हणून त्यांनी घाईघाईनं डावा खिशात घातला आणि फुटाणा शोधू लागले.