पुढची बैठक

विमानविद्येशीं आमचें नातें केवळ वाचनापुरतें. परंतु इतकीं वर्षें वर्गांत उभें राहून काढल्यामुळें, शिकविण्याकरितां घडविलेलें कोणतेंहि साधन दिसलें कीं तें निरखून पाहण्याची आम्हांस खोड जडली आहे. त्या खोडीपायींच 'टायगर मॉथ' या इंग्रजी द्विपंखी विमानाच्या जन्मकथेंत आम्ही गुंतलों.

जेफ्री डी हॅविलंड या विमानकाराला पतंग गोळा करण्याचा नाद होता. १९२५ च्या फेब्रुवारींत लंडनजवळच्या स्टॅग लेन येथें त्याचें पहिलें 'मॉथ' उडालें. पंख मिटून ठेवतां येणाऱ्या त्या विमानाला हें पतंगाचें नांव शोभलेंहि. हौशी लोकांच्या विमान-मंडळांतून तें लौकरच रूढ झालें. मुंबई, दिल्ली, कराची येथें १९२८-२९ च्या सुमारास निघालेल्या मंडळांत आमच्याकडील तरुण उडावयास शिकले ते मॉथवरच.

सैनिकी शिक्षणाच्या दृष्टीनें मात्र त्यांत एक मोठें वैगुण्य होतें. बैठका दोन, एकीमागें एक. पुढें गुरु, मागें शिष्य. पुढची बैठक नेमकी वरच्या पंखाखालीं आलेली. डोक्यावर पेट्रोलची टाकी, सभोंवतीं पंख तोलून धरणारे टेकू. पॅराशूट बांधलेल्या माणसानें आणीबाणीच्या प्रसंगीं तेथून निसटावें कसें? शिष्य मोकळा आणि गुरु पिंजऱ्यांत! (आमच्या व्यवसायबंधूंना यांत फारसें नवल वाटणार नाहीं.)

तेव्हां १९३१ सालीं वरच्या पंखाचा मधला भाग पुढें सरकविण्यांत आला. पंख पुढें गेला म्हणजे विमानाला उचलणारें बळहि पुढें गेलें आणि तोल बिघडला. म्हणून पंखांचीं टोकें मागें कललीं. शेपटी टेकून बसणाऱ्या विमानाचीं टोकें मागें नेलीं कीं तीं जमिनीच्या जवळ येतात; म्हणून खालच्या पंखांचीं टोकें वर उचलावीं लागलीं. एका माणसाच्या सुटकेसाठीं सबंध विमानाची ठेवण अशी पायरीपायरीनें पालटली, आणि तीहि आधीं आराखडे न काढतां, समोर विमान ठेवून करून पाहत, असें सांगतात. इंजिन उलटें बसविल्यानें नाकाड खालीं उतरून पुढचें दिसूं लागलें होतेंच. २६ ऑक्टोबर १९३१ रोजीं ह्यूबर्ट ब्रॉड यानें नवें विमान उडविलें. पुढें अशीं आठ हजारांहून अधिक विमानें बांधलीं गेलीं. दुसऱ्या महायुद्धांत भारतीय वैमानिकांनींहि यांवरच धडे गिरविले.

हें विमान उडविणें सोपें, पण नीट उडविणें कठीण, अशी याची ख्याति आहे. कलविण्याच्या पट्ट्या फक्त खालच्या पंखांना असल्यामुळें नुसत्या हातानें तें वळणावर सफाईनें येत नाहीं. पायानें सुकाणूहि तितक्याच मापानें दाबावें लागतें. पाय आळसला कीं विमान घसरतें आणि पुढें बसलेल्याला तें तत्काळ कळतें. आमच्या मतें हाच त्याचा मोठा गुण होय. हल्लीं यंत्राकडून घोटीव उत्तर लिहवून आणणाऱ्या विद्यार्थ्याचा पाय कोठें आळसला, हें आम्हांस शोधूनहि सांपडत नाहीं.

गुरूचा आवाज शिष्याच्या कानीं येई तो एका नळींतून. चेहरा दिसत नसे, दिसे तें मस्तकाचें मागचें अंग. मग एके दिवशीं गुरु खालीं उतरे, आपल्या बैठकीचे पट्टे दांड्यांत अडकूं नयेत म्हणून नीट आवळून ठेवी आणि दूर होई. शिष्यानें जागा बदलावयाची नसे. तोल राहावा म्हणून एकट्यानें उडावयाचें तेंहि मागच्याच बैठकींतून. विमान वर चढे. दोन्ही दांडे एकमेकांस जोडलेले. मागचा हात हाले, तसा पुढच्या रिकाम्या बैठकींतला दांडाहि हालत राही.