मंडपापुरतं नेटवर्क

१ ऑक्टोबर २०२३, रविवार

काकांनी आज इंदोऱ्याच्या दुकानात बोलावून घेतलं. पुस्तकांचे गठ्ठे बांधायला सुरुवात झाली आहे. यंदा दसरा २४ तारखेला आहे, पण दीक्षाभूमीवर माणसं त्याच्या दोन दिवस आधीपासून येऊ लागतात. अजनी आणि नागपूर, दोन्ही स्टेशनांवरून पायी येणाऱ्यांच्या रांगाच लागतात. आमचा पुस्तकांचा स्टॉल २२ला उभा राहायला हवा.

गेल्या दसऱ्याला, ५ ऑक्टोबरला, इंटरनेटवर चालणारं बिलांचं एक अ‍ॅप स्टॉलवर वापरून पाहिलं होतं. दुपारनंतर ते निरुपयोगी झालं. फोनवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या दिसत होत्या, पण बिल काही पुढे सरकत नव्हतं. टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतो एवढंच त्या दांड्या सांगतात. तुमच्यासाठी टॉवरकडे जागा उरली आहे का, हे त्यांवरून कळत नाही. एका टॉवरची क्षमता त्याच्या टापूतल्या सगळ्या फोनांत वाटली जाते आणि त्या दिवशी तो टापू लाखो माणसांनी भरलेला असतो. हातात पुस्तक घेऊन माणसं ताटकळत उभी होती. अमरावतीकडून आलेल्या एका आजींनी निवडलेली चार पुस्तकं परत ठेवली, कारण त्यांची गाडी निघायची होती. ते मला अजून खुपतं.

म्हणून यंदा सर्व्हर स्टॉलवरच ठेवायचा. एक लॅपटॉप, एक राउटर आणि चार टेबलांवर चार फोन. बिल फोनवरून निघून दहा हातांवरच्या लॅपटॉपमध्ये जाईल, त्याला शहराबाहेरच्या कुठल्या यंत्राची गरज उरणार नाही.

“म्हणजे नेट लागणारच नाही?” काकांनी विचारलं.

“नाही काका. फक्त लाइट लागेल.”

आणखी एक कारण आहे. २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, त्यात काकांच्या भाड्याच्या खोलीतले काही खोके भिजले. प्रती कमी आहेत. कुठल्या पुस्तकाच्या किती उरल्या, हे चारही टेबलांना एकाच वेळी दिसलं पाहिजे.

४ ऑक्टोबर, बुधवार

सर्व्हिस लिहून झाली. पायथनमध्ये, फ्लास्क वापरून; मागे एसक्यूलाइटचा डेटाबेस. लॅपटॉप काकांचा जुनाच आहे, पण उबुंटू टाकल्यापासून बरा चालतो. काम अगदी थोडं आहे: पुस्तकांची यादी देणं, बिल घेणं आणि शिल्लक सांगणं.

अँड्रॉइडच्या एम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपवरच्या नकली फोनवर, अ‍ॅप लगेच चाललं. तिथे पत्ता द्यायचा असतो १०.०.२.२. एम्युलेटरच्या आतून हा पत्ता थेट यजमान लॅपटॉपच्या स्वतःच्या १२७.०.०.१ला जाऊन भिडतो. ही सोय फक्त एम्युलेटरपुरती असते. खऱ्या फोनला १०.०.२.२ ओळखीचा नाही, आणि १२७.०.०.१ दिला तर फोन सर्व्हर स्वतःमध्येच शोधू लागतो. नव्याने शिकणारी मुलं इथे हमखास अडकतात आणि त्यांना कोणी नीट सांगत नाही. स्टॉलवर मदतीला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना मी हे आधी सांगणार आहे.

८ ऑक्टोबर, रविवार

आज फोन आणि लॅपटॉप घरच्या वायफायवर. मुलांना समोर बसवलं आणि एकेक पायरी मुद्दाम बंद ठेवून दाखवली.

पहिली पायरी: फ्लास्क मूळच्या रिवाजाप्रमाणे १२७.०.०.१वर, पोर्ट ५०००वर कान देतं. म्हणजे लॅपटॉपमधल्या लॅपटॉपमध्येच ऐकतं. फोनवरून हाक मारली तर क्षणात उत्तर येतं, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. होस्ट ०.०.०.० केला की ते सगळ्या बाजूंनी ऐकू लागतं.

दुसरी पायरी: उबुंटूचा फायरवॉल चालू केला. आता नकारही येईना. अ‍ॅप दहा सेकंद थांबून ‘टाइमआउट’ म्हणालं. ओकेएचटीटीपी ही लायब्ररी जोडणीसाठी मुळात तेवढाच वेळ थांबते.

या दोन उत्तरांतला फरक मुलांच्या डोक्यात पक्का बसावा अशी माझी फार इच्छा होती. नकार लगेच आला तर फोन यंत्रापर्यंत पोचला आहे, फक्त त्या दारामागे कोणी ऐकणारं नाही. मग सर्व्हर चालू आहे का, कुठे ऐकतो आहे, ते बघा. नुसतीच शांतता असेल तर वाटेत कोणीतरी पाकिटं टाकून देतंय किंवा पत्ताच चुकला आहे. मग फायरवॉल, राउटर, वायफाय बघा. लाल अक्षरांतला संदेश वाचल्याशिवाय कोडला हात लावायचा नाही.

आमच्या नेटवर्कच्या पत्त्यांनाच ५०००चं दार उघडं राहील असा नियम फायरवॉलमध्ये टाकला. फायरवॉल बंद करून टाकणं सोपं होतं, पण भर गर्दीत उघडा लॅपटॉप ठेवणं मला पटत नाही.

मग मुलांपैकी एकाने फोन घरच्या ‘गेस्ट’ वायफायवर टाकला आणि पुन्हा शांतता. बऱ्याच राउटरवर पाहुण्यांच्या जाळ्यातली यंत्रं एकमेकांपासून मुद्दाम तोडलेली असतात. प्रत्येकाला इंटरनेट मिळतं, पण शेजारचं यंत्र दिसत नाही. ते बरोबरच आहे. आपल्याला मात्र ते आयसोलेशन बंद असलेलं जाळं हवं.

१० ऑक्टोबर, मंगळवार

सीताबर्डीवर मोदी नंबर तीनच्या गल्लीतून राउटर आणला. दोन्ही पट्ट्यांचा, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झचा. सोबत राउटरचा छोटा यूपीएस.

लॅपटॉपचा पत्ता आता पक्का केला: १९२.१६८.५०.१०. एरवी राउटर ज्याला जो मोकळा असेल तो पत्ता वाटतो. आज १० मिळाला तर उद्या १४ मिळेल आणि चारही फोन जुन्या दारावर थापा मारत बसतील. म्हणून राउटरमध्ये लॅपटॉपच्या कार्डाचा क्रमांक नोंदवून तोच पत्ता त्याच्यासाठी राखून ठेवला.

मुलांपैकी एकीने विचारलं, “ताई, हाच पत्ता दुसऱ्या कोणाचा असला तर?” असतोच, लाखो घरांत. १९२.१६८ने सुरू होणारे, १०ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१पर्यंतचे पत्ते १९९६ साली खासगी वापरासाठी बाजूला काढले गेले. इंटरनेटवर त्यांना वाट मिळत नाही, म्हणून एकच पत्ता हजार ठिकाणी नांदू शकतो. २०११च्या फेब्रुवारीत जगातल्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे शेवटचे गठ्ठेही वाटून संपले. तरी घरोघरचे फोन चालू आहेत, त्यात या राखीव पत्त्यांचा वाटा मोठा आहे. तिने वहीत लिहून घेतलं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आता फोनच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की पुस्तकांची यादी दिसते, पण अ‍ॅप म्हणतं परवानगी नाही. ही फार उपयोगाची खूण आहे. ब्राउझर पोचतो म्हणजे वाट, दार, पत्ता सगळं ठीक. प्रश्न अ‍ॅपच्या आत आहे.

अँड्रॉइड ९ आला २०१८मध्ये. तेव्हापासून नव्या अ‍ॅपांना साधं, न गुंडाळलेलं एचटीटीपी वापरू देत नाही. इंटरनेटवर हे योग्यच आहे. पण खासगी पत्त्यासाठी कोणतीही सार्वजनिक संस्था प्रमाणपत्र देत नाही. मग एक तर स्वतःचं प्रमाणपत्र बनवून चारही फोनांत बसवा, नाही तर अपवाद करा. मॅनिफेस्टमधल्या एका ओळीने सगळ्या जगासाठी साधं एचटीटीपी उघडता येतं आणि बरेच जण तेच करतात. मी सिक्युरिटी कॉन्फिगच्या फाइलमध्ये फक्त १९२.१६८.५०.१०चं नाव लिहिलं. हवेतून जाणारा मजकूर वायफायच्या पासवर्डने झाकला जातो, आणि तो पासवर्ड स्टॉलवरच्या पाच-सहा जणांपलीकडे जाणार नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार

१९५६ साली विजयादशमी याच तारखेला होती. बाबासाहेबांनी त्या दिवशी दीक्षाभूमीवर धम्माची दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो लोकांना दिली. तारखेप्रमाणे आजही माणसं आली होती, तिथीप्रमाणे २४ला येतील.

संध्याकाळी काकांबरोबर स्तूपाला वंदन करून आले. परतताना श्रद्धानंदपेठेच्या बाजूला ते पुस्तकांबद्दल बोलत होते. सरकारने १९७९पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे बहुतेक खंड वसंत मून यांनी संपादित केले, आणि मून नागपूरचेच, इथल्याच वस्तीतले. त्यांनी ‘वस्ती’ या आत्मकथनात लिहिलेली माणसं काकांनी लहानपणी पाहिली आहेत. “कपडे जुने चालतात, बेटा, पण दरवर्षी एक पुस्तक घरी न्यायचंच, हे आमच्या आईनं ठरवून टाकलं होतं.”

इथे पुस्तक विकायचं म्हणजे काय, हे मला आज अधिक कळलं. हा स्टॉल पाच मिनिटंही थांबता कामा नये.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

आज राउटरची इंटरनेटची तार काढून ठेवली. स्टॉलवर ती नसणारच. आणि चार फोनांपैकी दोन बोलेनासे झाले.

कारण असं. वायफायला जोडल्यावर अँड्रॉइड गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर छोटी हाक मारून बघतो आणि २०४ हा रिकामा होकार यायची वाट बघतो. तो आला नाही की या वायफायला इंटरनेट नाही असं समजून तो मोबाइल डेटाकडे वळतो. अ‍ॅपची हाकही मग टॉवरकडे जाते आणि तिथे १९२.१६८ला वाट नसल्याने विरून जाते. वर वायफायचं चिन्ह मात्र दिसत राहतं. माणूस फसतो तो इथेच.

डेटा बंद करा, हा एक उपाय. पण गर्दीत कोणी घरी बोलायला म्हणून तो चालू करेल, आणि करावाच. म्हणून अ‍ॅपमध्येच सोय केली: सुरू होताना ते वायफायचं जाळं मागून घेतं आणि आपली सगळी बोलणी त्यालाच बांधून घेतं. अँड्रॉइड ६पासून हे करता येतं. डेटा चालू ठेवूनही चारही फोन बोलले. आज मी खरोखर निश्चिंत झोपणार आहे.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

एक अवघड प्रश्न उरला होता. बिल लॅपटॉपवर पोचलं, नोंदही झाली, पण पोच फोनपर्यंत येता येता वायफाय तुटलं तर? फोन ते पुन्हा पाठवणार आणि एक पुस्तक दोनदा विकलेलं दिसणार.

म्हणून बिलाचा क्रमांक फोनवरच तयार होतो, लांबलचक, दुसऱ्या कुठल्याही बिलाशी न जुळणारा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर लॅपटॉप म्हणतो, मिळालं आहे, आणि नवी नोंद करत नाही. बिल आधी फोनच्या पोटात लिहिलं जातं आणि मग पाठवलं जातं. राउटर बंद करून मुलांनी बिलं फाडली, मग चालू केला. सगळी एकेकदाच आली.

२२ ऑक्टोबर, रविवार

स्टॉल उभा राहिला. राउटर टेबलाखाली ठेवायचा नाही यावर मी अडून बसले. माणसाच्या शरीरातलं पाणी २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शोषतं, आणि इथे माणसांची भिंतच असणार. मंडपवाल्या भाऊंनी बांबूला उंचावर फळी बांधून दिली. शिवाय २.४मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि शेजारी शेकडो हॉटस्पॉट. आमचे चारही फोन ५वर टाकले. त्याचा पल्ला कमी असतो, पण आम्हाला मंडपापुरताच हवा आहे.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

पहाटेपासून गर्दी. मोबाइल डेटा सकाळीच बसला. यूपीआयला दोन्ही बाजूंच्या बँकांपर्यंत पोचावं लागतं, तिथे आमचं छोटं जाळं काही करू शकत नाही. बहुतेक व्यवहार रोखीचे झाले. सुट्ट्या पैशांच्या थैल्या काकांनी आधीच आणून ठेवल्या होत्या.

बिलं मात्र थांबली नाहीत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ दुपारी एका टेबलावर संपलं तेव्हा तिथल्या मुलीने फोनवर शिल्लक बघितली आणि शेवटच्या टेबलाकडून प्रती मागवल्या. नांदेडच्या एका शिक्षकांनी वाचनालयासाठी मोठी यादी दिली. ती बांधून होईपर्यंत बाकीची रांग दुसऱ्या फोनांवरून सरकत राहिली. मी गठ्ठे उचलायलाही मोकळी होते. जय भीम म्हणत येणारा प्रत्येक माणूस पुस्तक घेऊनच पुढे गेला असं नाही, पण आमच्यामुळे कोणाचं पुस्तक राहिलं नाही.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

हिशेब जुळवला. शिल्लक प्रती मोजल्या, त्या डेटाबेसशी जुळल्या. काकांना आता ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीच्या बाजूलाही हेच हवं आहे. तिथे समुद्राचा वारा असतो, जागा अरुंद, वीज शेजाऱ्याकडून. राउटरसाठी आणखी एक यूपीएस घ्यायचा आहे, लॅपटॉपची बॅटरी बदलायची आहे आणि बिलांची एक प्रत दर तासाला पेनड्राइव्हवर आपोआप उतरावी अशी सोय करायची आहे. राखीव पत्त्यांचं वहीत लिहून घेतलेली ती मुलगी सोबत दादरला येते म्हणाली. यादी आणि फायरवॉलचे नियम तिच्या हाती दिले आहेत.